उजवीकडून वाचायचं पुस्तक

१

दुपारचे डबे धुऊन झाले की ताई वाचकांचे अभिप्राय उघडून बसायची. रोजचंच काम ते. प्रकाशनाचं ऑफिस म्हणजे एक लांबट खोली. एका टोकाला संपादकबाईंचं काचेचं दार, दुसऱ्या टोकाला पुस्तकांचे गठ्ठे, आणि मधल्या खिडकीशी ताईचं टेबल. घरी धाकटी बहीण तिला ताई म्हणायची. ऑफिसात कुणाचं डोकं दुखलं तर गोळी तिच्याच पर्समधून निघायची, म्हणून इथेही ती ताईच झाली होती.

वाचक काय काय कळवायचे ते वाचायचं, त्यातलं चांगलं वेचायचं, आणि पुढच्या आवृत्तीच्या पाठीवर छापायला द्यायचं. काम सोपं, पण चिकाटीचं. लोक लिहितात फार आणि सांगतात थोडं.

यंदा त्यांनी एक जपानी चित्रकथा काढली होती. मांगा म्हणतात तिकडे. गोष्ट लोककथेतली, पण कुणाला तरी स्वप्नात पडल्यासारखी. कामाने पिचलेली एक बाई असते. टेबलाशी बसलेली, आपल्याकडे पाठ करून. अंगावर ओल्या कपड्यांचे थरावर थर, खाली थेंब ठिबकतायत. ती उठते आणि चालत चालत धुक्यातल्या एका घरी पोचते. तिथली घरवाली तिच्या अंगावरचा एकेक ओला कपडा उतरवते, पिळते, दोरीवर टाकते. ते कपडे म्हणजे तिचा थकवा. सगळे उतरले की घरवाली तिला निजवते. शेवटच्या पानावर बाई आपल्याच घराच्या दारात उभी असते, पिसासारखी हलकी, आणि तेव्हा कुठे तिचा चेहरा दिसतो. पुस्तकात बोलणं जवळजवळ नाहीच. मधल्या पानांवर दोघींचे केस तोंडावर आलेले, त्यामुळे घरवाली कोण आणि पाहुणी कोण ते कपड्यांवरूनच ओळखायचं.

अभिप्रायांचा नुसता पाऊस पडत होता. एका नर्सने लिहिलं होतं, "ड्यूटी संपवून वाचलं. रडले. मग झोपले, किती दिवसांनी." एका ट्रकवाल्याने लिहिलं होतं, "पुस्तक पोरीचं. मी असलं वाचत नाही. पण गाडी कडेला लावून दोनदा बघितलं." आणि एक चिक्कू आजोबा होतेच: "अक्षरं कमी, किंमत जास्त. तरी झोप लागली, म्हणून माफ."

ताई हसली, आजोबांचा अभिप्राय छापायचाच असं ठरवलं, आणि पुढचा उघडला.

"शेवटी ती टेबलाशी जाऊन बसते ना, पाठमोरी, ते पान बघितलं आणि जीव शांत झाला."

ताई थबकली. टेबलाशी बसलेली बाई शेवटी कुठे आहे? ती तर पहिल्याच पानावर. पुस्तकाची सुटी पानं ताईने छापण्याआधी इतक्या वेळा तपासली होती की डोळे मिटूनही तिला ती दिसत. वाचकबाईंचा काही तरी घोळ झाला असेल, असं म्हणून तिने तो अभिप्राय बाजूला ठेवला. खालच्यातही तेच होतं. त्याच्या खालच्यातही. सगळ्यांना शेवटचं पान आवडलं होतं, आणि सगळ्यांच्या शेवटच्या पानावर ती पाठमोरी बसली होती.

"माणसं पुस्तक वाचतात की उशाला घेऊन झोपतात?" ती पुटपुटली आणि घरी निघाली. जाताना गठ्ठ्यातली एक कोरी प्रत तिने पिशवीत टाकली. बारकीसाठी.

२

बारकी म्हणजे तिची धाकटी बहीण. आईवडील गेल्यावर दोघींना दोघीच. बारकीची नोकरी होती लोकांच्या तक्रारी फोनवर ऐकायची. दिवसभर कानाला यंत्र लावून "तुमच्या गैरसोयीबद्दल क्षमस्व" म्हणायचं. एका सकाळी फोन वाजला आणि तिचा हात तो उचलायला वरच गेला नाही. तशीच बसून राहिली, ताईने घरी आणली, आणि भिंतीकडे तोंड करून पडली ती पडलीच. डॉक्टर म्हणाले, "रोग नाही काही. विहीर आटते तशी आटलीये पोर. वेळ द्या."

वेळ द्या म्हणणं सोपं असतं. वेळ देणाऱ्याला विचारा.

"बारके, जेवलीस?"

"हं."

"हं म्हणजे हो की नाही?"

"हं."

"ऊठ गं बाई, केस तरी विंचर. अंथरुणाला मुळं फुटायची तुझ्या." ताई बोलून जायची आणि मग स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आपटायची. बोलल्याचं वाईट वाटायचं, पण उद्या पुन्हा बोलायची. "ऊठ, काही तरी काम कर, कामाने माणूस माणसात येतं," हे तर तिचं पालुपदच झालं होतं.

त्या दिवशी तिने पुस्तक उशीजवळ ठेवलं. "हे बघ. फार वाचायला नाही, चित्रंच आहेत. लोक बरे होतायत म्हणे."

बारकीने डोळा किलकिला केला. "पी हळद आणि हो गोरी?"

ताईला एवढा आनंद झाला की काय सांगावं. किती महिन्यांनी पोरीच्या तोंडून थट्टा निघाली होती! तिने चहा टाकला. आतून पानं उलटण्याचा आवाज यायला लागला, सावकाश, एकेक. पानागणिक एवढा वेळ लागत होता की तिला मध्येच वाटलं, झोपली की काय. मग आवाज आला.

"ताई, ह्यात गेली ती कोण, आणि राहिली ती कोण गं?"

"कपड्यांवरून कळतं की."

"नाही कळत." पान मागे उलटल्याचा आवाज आला. मग बारकी हळूच म्हणाली, "पण किती बरं आहे. आपण निजायचं, आणि आपल्या जागी दुसरंच कुणी तरी जायचं."

असं कुठे आहे पुस्तकात, असं ताईच्या मनात आलं होतं. पण तेवढ्यात चहा उतू गेला, आणि ती तिकडे धावली.

३

दुसऱ्या दिवशीचे अभिप्राय वाचताना ताईला पहिल्यांदा पाठीवरून काही तरी सरकल्यासारखं झालं.

नर्सने पुन्हा लिहिलं होतं. या वेळी एकच ओळ. "मी इथे निजून आहे. फार बरं वाटतं."

ट्रकवाल्याचंही आलं होतं. "मी इथे निजून आहे. फार बरं वाटतं."

किमतीवर कुरकुरणाऱ्या आजोबांचंसुद्धा. ना कुरकुर, ना थट्टा. तेच शब्द, तेच टिंब.

आणि त्यांच्या मध्ये एका गृहस्थाचा निरोप होता. खाली त्यांचा फोन नंबर होता. "माझी बायको शिवणकाम करते. तुमचं पुस्तक वाचून बरी झाली, आभार. सकाळपासून मशीनवर असते, थकत म्हणून नाही. एकच विचारायचं होतं. तुमच्या पुस्तकात त्या बाईचा चेहरा कुठल्या पानावर आहे?"

ताई उठून पानं मांडणाऱ्या काकांकडे गेली. त्यांना सगळे जुळारीकाका म्हणत. छपाईचे खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवण्याचं काम संपून जमाना झाला, आता सगळं संगणकावर होत होतं, पण नाव चिकटलं ते चिकटलं.

"काका, छापलेलं पुस्तक तुम्ही उघडून पाहिलंत का हो?"

"आपलंच पोर आपण रोज मोजतो का? सुटी पानं तपासली, बाइंडरकडे पाठवली, झालं."

"उघडा."

काकांनी गठ्ठ्यातलं एक ओढलं, मुखपृष्ठ उलटलं आणि पहिलं पान पाहिलं. दारात उभी असलेली, हसरी, हलकी बाई. त्यांनी दुसरं पान उलटलं, तिसरं उलटलं, आणि कपाळावर हात मारला.

झालं होतं असं. जपानी पुस्तक उजवीकडून उघडतं. आपलं पुस्तक जिथे संपतं तिथे त्यांचं सुरू होतं. काकांनी तसं कळवलंही होतं. पण बाइंडरच्या तीन पिढ्या पुस्तकं बांधण्यात गेलेल्या. हाताला जे वळण, ते वळण. "उलटं बांधायचं? खुळे झालेत लोक," असं म्हणून त्याने आपल्या समजुतीने चूक सुधारली होती आणि मुखपृष्ठ आपल्या बाजूला चिकटवलं होतं. सगळी आवृत्ती अशीच बाहेर गेली. लोकांनी गोष्ट शेवटाकडून सुरुवातीकडे वाचली होती, आणि बोलणं नसल्यामुळे कुणी अडखळलंही नव्हतं.

संपादकबाई आधी पांढऱ्या पडल्या, मग हसत सुटल्या. "अहो, म्हणजे उलटं वाचूनसुद्धा बरं वाटतंय लोकांना! सरळ वाचलं असतं तर काय नाचले असते की काय? कुणाची तक्रार आहे का? नाही ना? मग गप्प बसायचं. पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू."

ऑफिस हसलं. काकाही हसले. ताईने मात्र खुर्चीत बसून ती पानं सावकाश उलटी वाचली, वाचकांनी वाचली तशी.

हलकी, हसरी बाई आपल्या घरातून निघते. धुक्यातल्या घरी जाते. तिथे तिला निजवतात. मग दोरीवरचे ओले कपडे एकेक करून काढले जातात आणि अंगावर चढवले जातात. कुणाच्या अंगावर? दोघींचे केस पुढे आलेले. एक निजलेली, एक उभी. मग त्या घरातून कपड्यांनी जड झालेली कुणी तरी बाहेर पडते, चालत चालत येते, आणि त्या बाईच्या टेबलाशी, तिच्या खुर्चीत बसते. आपल्याकडे पाठ करून.

गेली ती कोण, आणि राहिली ती कोण?

ताईने पिशवी उचलली. "बाई, मी आज लवकर निघते," म्हणाली, आणि उत्तराची वाट न पाहता निघाली.

४

घराचं दार उघडलं तर फरशी ओली. नुकतीच पुसलेली. स्वयंपाकघरात भांडी घासून पालथी घातलेली, खिडकीच्या काचा लख्ख. गॅलरीतल्या दोरीवर कपडेच कपडे. घरातला प्रत्येक कपडा धुतलेला, स्वच्छ असलेलासुद्धा. आणि न्हाणीघरात पाण्याचा आवाज, कपडा पिळण्याचा आवाज.

"बारके?"

"हो, ताई."

आवाज बारकीचाच. स्वच्छ, ताजातवाना. ताई धावतच गेली. बारकी पाटावर बसली होती, पाठमोरी. केस धुतलेले, मोकळे सोडलेले, ओले. हात भराभर चालत होते.

ताईला रडूच फुटलं. सगळी भीती क्षणात निघून गेली. वेडेच आपण! पोर बरी झाली, उठली, कामाला लागली, आणि आपण चित्रांना घाबरतोय. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, तसं झालं होतं हे. आणि आपण मात्र देवाला विचारत होतो, दुसरा कुणाचा काढलास?

"अगं, एवढं कशाला एकदम? दमशील."

"नाही दमत."

"ये, चहा करते. बस माझ्यासमोर."

"एवढं पिळून होऊ दे."

ताईने चहा केला. बारकी आली नाही. ताई पुन्हा गेली, तर ती फरशी पुसत होती, खोलीच्या त्या टोकाला, पाठमोरी. ताईने कप खाली ठेवला आणि दुसऱ्या दाराने वळसा घालून पुढून गेली. तिथे पोचेपर्यंत बारकी खिडकीची काच पुसायला लागली होती. पाठमोरी.

घाईत समोरून दिसली नाही. योगायोग. माणूस कामात असलं की असंच असतं.

ताईने दुपारभर स्वतःला असं समजावलं. समजावताना तिच्या लक्षात आलं की त्या एवढ्या वेळात तिने बहिणीचे हात पाहिले, मान पाहिली, टाचा पाहिल्या. नाक, डोळे, तोंड काही पाहिलं नाही. आणि बारकीचा पलंग असा ताठ आवरलेला होता की त्यावर कधी कुणी निजलंच नसावं.

५

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून तिने शिवणकामवाल्या बाईच्या नवऱ्याला फोन लावला. अशा वेळी माणसाला दुसऱ्या माणसाचा आवाज ऐकावासा वाटतो.

"तुम्ही विचारलं होतं, चेहरा कुठल्या पानावर आहे," ताई म्हणाली. "पहिल्या पानावर आहे."

"आणि नंतर?"

"नंतर नाही."

पलीकडे बराच वेळ नुसता शिलाई मशीनचा आवाज येत राहिला. थांबत नव्हता, एका लयीत चालू होता.

"मला वाटलंच," तो माणूस म्हणाला. त्याचा आवाज खाली आला. "बाई, मी एकदा तिच्या समोर जाऊन बसलो. मुद्दाम. मशीन आणि भिंतीच्या मध्ये शिरलो. जागा नव्हती, तरी शिरलो."

"मग?"

"मग पुन्हा गेलो नाही." तो म्हणाला, "घर फार स्वच्छ असतं हल्ली. शेजारचे म्हणतात, नशीबवान आहात."

फोन ठेवला तर जुळारीकाका उभे. त्यांनी सगळं ऐकलं होतं. काका थट्टेखोर माणूस, मयताला गेला तरी एखादा विनोद करून येणारा, पण आज हसत नव्हते.

"ताई, लोक मनाचे खेळ करून घेतात. एकाने लिहिलं की दहा जण तेच लिहितात. मुलंसुद्धा एक रडलं की सगळी रडतात."

"काका, मी तिचा चेहरा नाही पाहिलेला."

"कामात असेल."

"काल दुपारपासून?"

काकांनी एक प्रत घेतली, पात्याने मुखपृष्ठ सोडवलं, उलट्या बाजूला लावून डिंकाने चिकटवलं, आणि अंगठ्याने दाबून धरलं. "हे घ्या. सरळ केलेलं. उजवीकडून वाचायचं. पुस्तक मी सरळ करू शकतो, माणूस सरळ करायला माझ्याकडे मशीन नाही."

घरी पोचली तेव्हा ऊन खिडकीतून तिरपं आत आलं होतं. बारकी गॅलरीत कपडे वाळत घालत होती. वाळलेले काढायची, पुन्हा भिजवायची, पिळायची, घालायची. तिच्या दोन्ही बाजूंना ओल्या चादरी लोंबत होत्या. ताई चप्पल न काढता, श्वास रोखून भिंतीच्या कडेने पुढे सरकली. इतकी जवळ की बारकीच्या केसांतला साबणाचा वास तिला आला. चादरींच्या फटीतून ताईला तिचा कान दिसला. डावा. लहानपणी टोचताना पिकलेला, त्याची खूण तशीच.

मग वारा आला, आणि चादर हलली.

कानाच्या पुढे, जिथे गाल सुरू व्हायला हवा, तिथेही केसच होते. पुढे ओढून घेतलेले नव्हते ते. तिथूनच उगवलेले होते.

ताई एक पाऊल मागे आली, मग दुसरं, मग भिंतीला टेकली. डोकं म्हणत होतं, ऊन तिरपं होतं, चादर मध्ये होती, तू घाबरलेली होतीस. हात मात्र पिशवीतलं पुस्तक चाचपत होता.

६

"ताई, जेवलीस?" गॅलरीतून आवाज आला. बारकीचाच.

ताईने ओठ चावले. मग धीर करून म्हणाली, "माझी बहीण कुठे आहे?"

पिळण्याचा आवाज थांबला नाही.

"निजलीये."

"कुठे?"

"निजली आहे. तिला फार बरं वाटतंय." कपडा झटकल्याचा आवाज. "तूच म्हणायचीस ना, ऊठ, काम कर. मी उठले. एवढं काम केलं. अजून काय पाहिजे तुला?"

हा प्रश्न ताईच्या काळजात घुसला. कारण तो खोटा नव्हता. तिला उठलेली बहीण हवी होती. दमलेली, भिंतीकडे तोंड करून पडलेली, हं हं करणारी बहीण तिला नकोशी झाली होती. हे ती देवासमोरही कबूल करणार नाही, पण असं होतं खरं. आणि कुणी तरी ते तिच्या नकळत ऐकलं होतं.

"मला तीच पाहिजे," ताई म्हणाली. "दमलेली. पडलेली. जशी आहे तशी."

ती आतल्या खोलीत गेली. दार लोटलं. बारकीच्या पलंगावर बसून पांघरूण थोडं उलगडलं आणि रिकाम्या उशीकडे तोंड करून काकांनी सरळ केलेलं पुस्तक उघडलं, उजवीकडून. उशीवर कुणी असेल आणि त्याला दाखवायचं असेल, असं पुस्तक धरून.

पहिलं पान. टेबलाशी पाठमोरी बाई. "बारके, ही तू," ताई म्हणाली. "लोकांचे फोन घेऊन घेऊन बसलेलीस. ही बघ, उठलीस." दुसरं पान. "ही चाललीस." धुकं. घर. "इथे घरवालीने तुझा एक कपडा काढला. हा सकाळचा पहिला फोन. हा त्या ओरडणाऱ्या माणसाचा. हा मी तुला बोलले त्याचा." एकेक पान ती उलटत गेली, आणि एकेक ओला कपडा उतरत गेला. बाहेर गॅलरीतला आवाज कमी झाला नाही, उलट वाढला. पिळणं, झटकणं, पिळणं. मग दोरी करकरली. मग काही तरी जड, ओलं फरशीवर पडलं. मग पुन्हा एक.

"आता तुला निजवलं. आता झोप झाली तुझी." ताईचं बोट गारठलं होतं, पान उलटत नव्हतं. "आता घरी यायचं. बारके, हे आपलं दार. ये."

शेवटचं पान. दारात उभी बाई. चेहरा.

उशी खोलगट झाली. आधी थोडी, डोकं टेकल्यासारखी. मग पांघरूण हळूहळू वर आलं, आणि त्याखाली श्वास चालू झाला. ताईने ते ओढलं.

बारकी होती. डोळे सुजलेले, गालावर उशीच्या शिवणीचे वळ, ओठ कोरडे, केसांच्या जटा. कुरूप म्हणावं इतका ओढलेला चेहरा. ताईने तो दोन्ही हातांत धरला, नाक चाचपलं, भुवया चाचपल्या, हनुवटी. लहान बाळाचं चाचपतात तसं.

"ताई," बारकी घोगऱ्या आवाजात म्हणाली. "उठवलंस कशाला गं? मी दमलेय अजून."

"हो गं माझी बाय. राहा दमलेली. हवी तेवढी राहा."

"कोण काम करतंय?"

गॅलरीत आता आवाज नव्हता. नळ बंद झाला होता. कपडा पिळणं थांबलं होतं. मग फरशीवर पावलं ऐकू आली. ओली, सावकाश, घाई नसलेली. गॅलरीतून स्वयंपाकघरात. तिथून बाहेरच्या खोलीत. दाराशी येऊन थांबली.

लोटलेलं दार सरकलं.

ताई दाराकडे पाठ करून बसली होती. तिच्या खांद्यावरून बारकी पलीकडे पाहत होती, आणि पाहता पाहता तिचे डोळे मोठे होत गेले.

"ताई. तुझ्या मागे कोण उभंय?"

थेंब पडल्याचा आवाज आला. खूप जवळून.

ताईने तळवा उचलून बहिणीच्या डोळ्यांवर ठेवला. पापण्या हाताखाली फडफडत होत्या. ताईच्या मानेवरचे केस ताठ झाले होते, पाठ गार पडत चालली होती, मणक्यामणक्याने, आणि एकदा, फक्त एकदा मागे पाहून घ्यावं म्हणून मान आपोआप वळायला बघत होती.

"कोणी नाही गं," ती म्हणाली. "तू झोप."

आणि तिने मान वळवली नाही.